भाचीचे लेझर, मामाची हळद

गेल्या आठवड्यात उमरग्यात, भर मंडपात, माझ्या मुखमंडलावर यथाविधी हळदीचे लेपन झाले. वधू मी नव्हतो, हे आरंभीच स्पष्ट करतो... वधू माझी भाची प्राजक्ता. मी केवळ मामा. पन्नाशी ओलांडलेला, जळकोटातील एक खत-बियाणे विक्रेता.

प्रकरणाचे मूळ प्राजक्ताच्या गालांवर होते. दहावीपासून मुरुमांनी तिथे अखंड वास्तव्य केले होते. एक अस्तास जाई तोवर दुसरा उदयास येई, आणि जाणारा आपला डाग मागे ठेवून जाई. घरातल्या प्रत्येक फोटोत ही मुलगी माझ्या पाठीमागे अर्धी लपलेली आढळते... माझ्या देहविस्ताराचा तेवढाच एक सामाजिक उपयोग.

लग्न ठरले तेव्हा ती मला एकट्याला गाठून म्हणाली, "मामा, लग्नात तरी मला तोंड लपवायचं न्हाय." दाजींना, म्हणजे तिच्या तीर्थरूपांना, दवाखान्यातले प्रकाशोपचार पटेनात. "लायटी मारून कुठं मुरूम जात्यात व्हय?" असा त्यांचा शास्त्रार्थ! मग माल आणण्याच्या मिषाने मी जळकोटहून उमरग्यास जाई आणि भाचीला दवाखान्यात नेई.

डॉक्टरीणबाईंनी आधी औषधे दिली, मग ताज्या मुरुमांवर निळा प्रकाश, आणि शेवटी डागांसाठी लेझर. "सावळ्या कातडीला जपून, हळूहळूच करावं लागतं. खड्डे पूर्ण जातीलच असं मी म्हणणार नाही," असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. खताच्या धंद्यात इतके सत्य बोलणारा मनुष्य मी पाहिलेला नाही.

आत नेत्रांवर काळा चष्मा आणि मुखावर नीलप्रभा ल्यालेली भाची धीरोदात्त पहुडलेली असे. बाहेर बाकावर मी यंत्राची टिकटिक ऐकत घाम पुसत असे. लेझरच्या दिवशी बाहेर येऊन तीच मला म्हणाली, "रबर मारल्यागत होतंय मामा, बास... तुमी पाणी प्या."

शेवटचे सीटिंग झाले आणि दुसऱ्याच दिवशी मुहूर्त अलीकडे सरकला! डॉक्टरीणबाईंनी बजावले, की आता ऊन नको आणि तोंडाला हळद तर मुळीच नको. कातडी चिडून काळे डाग पडले, तर एवढ्या महिन्यांचे तप पाण्यात.

आता वधूला हळद नको, हे सासरच्यांना सांगणार कोण? अक्काचे, म्हणजे प्राजक्ताच्या मातोश्रींचे, म्हणणे एकच... "पोरीला कातडीचा रोग हाय म्हणतील." सबब कोणी काहीच बोलले नाही. हळूच बोट टेकवून वेळ मारून न्यायची, असा गुप्त ठराव झाला.

आणि नवरदेवाची उष्टी हळद घेऊन त्याच्या आत्याबाई भूम गावाहून अवतरल्या. बोट कसले... त्यांनी ओंजळ भरली! प्राजक्ताने मान मागे घेतली.

"पोरगी तोंड का मागं घेतीया?" आत्याबाईंनी विचारले. अक्का हळदीवाचूनच पिवळी पडली.

मी पुढे सरसावलो. "आत्याबाई, प्रकाशोपचारोत्तर काळात त्वचेस कोणतेही लेपन वैद्यकशास्त्रदृष्ट्या सर्वथा निषिद्ध..."

आत्याबाईंनी अक्काकडे पाहिले. "ह्ये भटजी कुणी आणले?"

तेव्हा प्राजक्ताच बोलली, सरळ, त्यांच्या डोळ्यांत बघून. "आत्या, माझ्या तोंडावर लई मुरूम हुते. लेझर केलंय. डॉक्टरनं तोंडाला हळद लावू नगं म्हणलंय. हातापायाला लावा की... पाहिजे तेवढी लावा."

मग आत्याबाई तिच्या पायांशी बसल्या. "मग आधी सांगायचं की गं बाय! मी काय तुझं तोंड सोलाया आले व्हय?" त्यांनी तिच्या हातापायांना अशा निगुतीने हळद लावली, की अक्काने पदराने डोळे टिपले.

पण ओंजळभर हळद उरली होती. "आमच्याकडनं आलेली हळद तोंडाला लागल्याबिगर ऱ्हात न्हाय," आत्याबाई उठत म्हणाल्या. "या मामा. तुमचं तोंड मघापासनं लई चालतंय, करा फुडं."

पुढील तपशील मी देत नाही. दाजी सर्वांत मोठ्याने हसले, एवढेच नोंदवतो.

ती हळद दोन दिवस, तीन साबणांना दाद न देता, मुखावर विराजमान राहिली. काल लग्नाचे फोटो आले. प्राजक्ता अगदी पुढे उभी आहे, मान ताठ, जवळून पाहिल्यास दिसणाऱ्या दोन-चार फिक्या डागांसह, थेट कॅमेऱ्याकडे बघत हसते आहे.

आणि तिच्या खांद्यामागे अर्धा लपलेला जो पीतवर्णी गृहस्थ दिसतो... तो मी. इतकी वर्षे माझ्या पाठीने दिलेला आश्रय त्या पोरीने व्याजासकट परत केला.