केरीचा कडा, समुद्राचा वारा आणि माझे बाबा

मिलिंद सरांचा मेसेज आला तेव्हा मी कामावर होते. नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. उजेड लावलेल्या काचेवरून तागे सरकत जातात आणि मी त्यातले तुटके धागे, गाठी, डाग शोधून खुणा करते. मेसेज एवढाच होता, "जानेवारीच्या शेवटी गोव्यात केरीला शिबिर. समुद्रकाठचा कडा. येतेस?"

पॅराग्लायडिंग मी कामशेतला शिकले, मिलिंद सरांकडेच. शिकले आणि नवव्या उड्डाणात पडले. टेकडीवरून धावत असताना डोक्यावरचा कापडी पंख एका बाजूला कलला. तेव्हा थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. उजवं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर, मग व्यायाम. पंखाची बॅग कपाटावर गेली ती तिथेच राहिली. घरात कुणी 'सोडून दे' म्हटलं नाही, पण 'आता परत कधी?' असंही कुणी विचारलं नाही. मीही नाही.

प्रशांत, माझा नवरा, शाळेत शिक्षक आहे. त्याला जानेवारीत सुटी मिळणं शक्यच नव्हतं. "जा, पण एकटी नको जाऊस," तो म्हणाला. त्या रविवारी मी भातकुलीला माहेरी गेले. बाबा ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. माझे बाबा विजेच्या खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. वय एकोणसत्तर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी येतो."

"बाबा, तुम्ही तिथे काय करणार?"

"तू उडजो, मी पाहीन. सारी जिंदगी खांबावर गेली माही. मले उंचीचं काय सांगून राहिली?"

आतून आईचा आवाज आला, "तुमी दोघंबी जा. मले काही सांगू नोका. आल्यावर सांगजा."

असे आम्ही निघालो. बडनेऱ्याहून पुण्याची गाडी. तुमच्यापैकी कुणी पंख घेऊन रेल्वेने जाणार असाल तर एक सांगते: बॅग खालच्या बर्थखाली मावत नाही. वरचा बर्थ घ्या, बॅग पायाशी ठेवा आणि गुडघे दुमडून झोपा. अकोल्याला चढलेल्या बाळापूरच्या एका काकांनी त्या बॅगेकडे बराच वेळ पाहिलं. शेवटी राहवलं नाही.

"तंबू हाय काय हो?"

"नाही," बाबा म्हणाले, "पोरीचे पंख हायेत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

पुण्याहून आम्ही सहा जण शिकाऊ, मिलिंद सर आणि बाबा, एका टेम्पो ट्रॅव्हलरमधून निघालो. कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी. अकरा तास धरून चाला. आंबोलीचा घाट उतरताना खिडकीशी बसा आणि त्याआधी पोटभर जेवू नका. आमच्यातल्या एकाने आजऱ्यात मिसळीच्या दोन प्लेटा खाल्ल्या आणि घाटात तीनदा गाडी थांबवली.

केरी म्हणजे गोव्याचं अगदी उत्तरेचं टोक. पलीकडे तेरेखोलची खाडी, तिच्यापल्याड किल्ला. आम्ही शांताबाई नावाच्या बाईंच्या घरी उतरलो. खोलीला दिवसाचे नऊशे, जेवण वेगळं. जेवण सुरेख, पण पहिल्याच रात्री घोळ झाला. बाबांनी माशाची आमटी चाखली आणि विचारलं, "बाई, थोडा सांबार हाय काय वरून टाकाले?"

शांताबाई गोंधळल्या. "सांबार? फाल्यां सकाळी करतां. इडली जाय?"

"इडली नाही हो, सांबार. हिरवा."

त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे समजावेपर्यंत आमटी गार झाली. मग कोथिंबीर आली, आणि पुढचे चारही दिवस बाबांच्या ताटाशेजारी न मागता तिची एक वाटी ठेवलेली असायची. तरी प्रत्येक जेवणाला त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "सारं चांगलं हाय, पण यायनं नारळ कुठी घातला नाही ते सांग."

पहिला दिवस किनाऱ्यावर सरावाचा. वाळूवर पंख पसरायचा, वाऱ्याने वर उभा करायचा, तोलून धरायचा, पुन्हा खाली आणायचा. उडायचं नाही. बाबा सकाळी दोन तास नुसतं बघत उभे होते. मग पुढे आले आणि मिलिंद सरांना विचारलं, "हे खाली पडल्यावर पुन्हा फुगलं तं माणसाले ओढत नेईन. मंग काय करता?"

सरांनी दाखवलं. मधे धरायचं नाही, तिथे जोर सगळा असतो. पंखाचं एक टोक पकडायचं आणि त्याला घेऊन वारा येतो त्या बाजूला धावायचं, म्हणजे हवा निघून जाते. बाबांनी पँटचे पाय दुमडले आणि दुपारपर्यंत आमच्या सगळ्यांचे पंख धरून पाहिले. सर हसून म्हणाले, "काका, पगार सुरू करू का?"

संध्याकाळी कडा बघायला गेलो. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडून पायवाट चढते. वीस मिनिटं लागतात, बॅग पाठीवर असेल तर पस्तीस. वर काळा-तांबडा कातळ, वाळलेलं गवत, करवंदीची झुडपं. पंखाच्या दोऱ्या या झुडपांत अडकल्या की सोडवण्यात तास जातो, म्हणून एक जुनी चादर सोबत ठेवा आणि झुडपांवर टाका. उड्डाणाची जागा आमच्या भातकुलीच्या अंगणाएवढी. एका वेळी एकच पंख. पुढे कडा संपतो आणि खाली समुद्र.

कामशेतला उतारावरून धावता येतं. इथे धावायला उतारच नाही. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं, समोर पसरलेला पंख वाऱ्याने डोक्यावर येऊ द्यायचा, मग वळायचं आणि दोन पावलं. कडेपासून फार मागे राहिलात तर वारा भोवरे करतो, पंख उभाच राहत नाही. फार पुढे गेलात तर चूक सुधारायला पायाखाली जमीन नाही. समुद्राचा वारा मात्र एकसारखा येतो, ओढाताण करत नाही. पण तो अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतो, आणि भरतीच्या वेळी खालचा किनारा, म्हणजे आमची उतरायची जागा, अर्ध्याहून कमी उरते. सरांनी हे सगळं आम्हाला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वर होतो, बाबाही. माझ्याआधी तिघं गेले. तिघंही सुरेख. माझा नंबर आला. समुद्राकडे पाठ केली, दोऱ्या हातात घेतल्या, पंख उचलला. तो वर आला आणि उजवीकडे कलला. तस्साच, कामशेतला कलला होता तसा. मी दोन्ही हात खाली ओढले, पंख पाडला. पुन्हा मांडला, पुन्हा उचलला, पुन्हा तेच. उजवा हात डाव्याच्या मागे राहत होता. दुखत नव्हता. नुसता घाबरलेला होता.

"तिसऱ्यांदा बघतेस?" सरांनी विचारलं. आवाजात कसलाही आग्रह नव्हता.

"आज नको, सर," मी म्हणाले आणि पट्टे सोडले.

बाबा आणि मी पंखाची घडी घातली. वर आकाशात आमच्यातलेच तिघं हिंडत होते, एक जण आनंदाने ओरडत होता. मला रडू येत होतं. ते दिसू नये म्हणून मी दोऱ्या उगाच दोनदा विंचरल्या.

"बरं केलं," बाबा म्हणाले.

"काय बरं केलं? हजार किलोमीटर येऊन खाली चाललेय चालत."

"मंग? चालता येऊन राहिलं ना?" त्यांनी बॅगेची चेन लावली. "लाइन बंद हाय का चालू, मनात शंका आली का मी खांबावर चढत नोतो. साहेब शिव्या द्याचे. गावातले लोकं बोंबलाचे, पंखे बंद हायेत म्हनून. बोंबलू दे. ज्यायले शंका आली नाही ना वैशाली, त्यातले दोघं माह्या डोळ्यासमोर गेले."

हे मला माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं ते ड्यूटीवरून घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि जेवायला काय आहे विचारायचे. मी बॅग पाठीवर घेतली. आम्ही पायवाट उतरलो. खाली एका टपरीवर त्यांनी मला लिंबू सोडा पाजला आणि स्वतः दोन प्याले.

तिसऱ्या दिवशी सकाळभर मी वाळूवर फक्त एकच गोष्ट केली. पंख उचलायचा आणि उजव्या हाताकडे लक्ष ठेवायचं. पंचवीस वेळा तरी. शेवटी शेवटी हात वेळेवर यायला लागला. दुपारी वर गेलो. या वेळी बाबा आले नाहीत. "मी खालीच राहतो," एवढंच म्हणाले.

पाठ समुद्राकडे. पंख उचलला. तो सरळ वर आला, डोक्यावर थांबला. मी वळले. समोर नुसतं निळं. एक पाऊल, आणि दुसरं पाऊल टाकायला खाली काही नव्हतं.

खाली पडल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. उलटंच झालं. कुणीतरी काखेत हात घालून उचलावं तसा वाऱ्याने मला वर घेतलं. कड्याच्या कडेकडेने मी उत्तरेला तेरेखोलचं तोंड दिसेपर्यंत गेले, वळले, परत आले. खाडीचं पाणी समुद्रात मिसळतं तिथे दोन रंगांची सरळ रेघ दिसते. एक घार माझ्या बरोबरीने तरंगत होती, तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि काही विशेष नाही असं ठरवून निघून गेली. मी मोठ्याने हसले. आकाशात एकटं हसताना फार छान वाटतं.

पंचवीसेक मिनिटं झाली असतील. वॉकीटॉकीवर सरांचा आवाज आला, "वारा वाढतोय. सगळे खाली." माझ्याबरोबर हवेत असलेले दोघं उतरले. मी उतरेना. कड्याजवळचा वारा मला वरच ढकलत होता. खाली पाहिलं तर भरती चढली होती आणि वाळूची पट्टी आमच्या गावातल्या रस्त्याएवढी उरली होती. तिच्यावर चटई टाकून माणसं बसलेली.

"वैशाली, कान ओढ," सर म्हणाले. पंखाची दोन्ही टोकं आत दुमडायची, म्हणजे तो लहान होतो आणि खाली येतो, त्याला आम्ही कान ओढणं म्हणतो. "आणि कड्यापासून लांब जा. समुद्राकडे."

उतरायचं जमिनीवर आणि जायचं समुद्राकडे. डोकं ऐकत नव्हतं, पण मी गेले. पायाखाली लाटा. कान ओढलेले, उजवा हात डाव्याइतकाच घट्ट धरून आहे. हळूहळू खाली यायला लागले. वळून किनाऱ्याकडे पाहिलं तेव्हा बाबा दिसले.

त्यांनी गळ्यातला पांढरा दुपट्टा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. तो फडफडत होता, त्यामुळे खाली वारा किती आणि कुठून आहे ते मला स्वच्छ दिसलं. आणि त्यांच्या पुढची पट्टी मोकळी होती. चटया नव्हत्या, माणसं नव्हती. ती सगळी बाजूला खडकांपाशी उभी राहून वर बघत होती.

मी पट्टीवर आले, समुद्राकडे तोंड केलं, कान सोडले. पाय ओल्या वाळूला लागले. उतरले! आणि त्याच क्षणी मागे पडलेला पंख पुन्हा फुगला आणि त्याने मला पाठीवर पाडून कड्याच्या खडकांकडे ओढायला सुरुवात केली.

"ढील दे!" बाबा ओरडले. "ढील दे, मी धरलं!"

मी हातातलं सगळं सोडून दिलं. पंखाचं एक टोक पकडून बाबा माझ्या बाजूने समुद्राकडे धावत गेले, गुडघाभर पाण्यात, आणि पंखातली हवा निघाली. सगळं शांत झालं. मी वाळूत पडलेली, हेल्मेटमध्ये वाळू, तोंडात वाळू.

बाबा धापा टाकत आले आणि आधी माझं उजवं मनगट हातात घेऊन हलवून पाहिलं.

"काही नाही झालं, बाबा."

"पाहून राहिलो ना मी." मग शेजारी बसले. "भल्लं ओढते हो हे."

नंतर कळलं की सकाळपासून पाणी कुठवर चढतं ते पाहून ते काठीने वाळूवर रेघा मारत होते. दीड वाजताच त्यांनी ठरवलं की मला उतरायला जागा कमी पडणार. मी कान ओढले तेव्हा ते चटईवाल्या कुटुंबाला सांगत होते, "सरका भाऊ, माही पोरगी उतरून राहिली इथी." त्या कुटुंबाने त्यांना सामोसा दिला, तो त्यांनी खिशात ठेवला होता. पाण्यात भिजला. तरी आम्ही दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला.

चौथ्या दिवशी सकाळी वारा मंद होता. मी आणखी एकदा उडाले, पंधरा मिनिटं, आणि साध्या शहाण्या माणसासारखी उतरले. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, हेच त्यातलं चांगलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. या कड्यावर शिक्षकाशिवाय आणि वाळूवरच्या सरावाशिवाय जाऊ नका. भरतीच्या वेळा आधी लिहून घ्या. परत आल्यावर पंखातली वाळू झटका, बकलं गोड्या पाण्याने धुवा आणि पंख सावलीत वाळवा. उन्हाने कापड कमजोर होतं, हे मी कारखान्याच्या अनुभवावरूनही सांगते.

परत येऊन तीन आठवडे झालेत. कड्यावरून दिसलेला समुद्र सुंदर होता, पण तो फोटोंतही आहे. माझ्याजवळ राहिलाय तो दुसरा दिवस, जेव्हा मी उडाले नाही. कामशेतला मला थांबता आलं नव्हतं, इथे आलं. आणि राहिलेत खांबावरून न परतलेले ते दोघं, ज्यांच्याबद्दल बाबांनी परतीच्या गाडीत हळूहळू, नावागावासकट सांगितलं. मी इतकी वर्षं विचारलंच नव्हतं.

गेल्या रविवारी भातकुलीला गेले तर आईने मला चुलीपाशी बोलावलं. बाहेर ओट्यावर बाबा शेजारच्या दोघांना केरीची गोष्ट सांगत होते, बहुधा दहाव्यांदा.

"...तिनं उडवलं," ते म्हणत होते, "आन् मी उतरवलं."

आईने भाकरी उलटली आणि आवाज खाली करून विचारलं, "खरं सांग व माय. यायनंच उतरवलं काय तुले?"

"हो," मी म्हणाले. आणि ते काही मी बाबांचं मन राखायला म्हटलं नव्हतं.