कचऱ्यात ठेवलेली हजेरी

डहाणूतल्या आमच्या फळविक्री संस्थेत कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं की माझ्या नावानं शिमगा. २०१९ साली जुना मेल सर्व्हर शेवटच्या घटका मोजू लागला, तेव्हा सेक्रेटरींनी बजावलं, "नवा बसवा, पण मेल पंधरा मिनिटांवर बंद राहता कामा नये. व्यापारी थांबत नाहीत."

सगळ्यांचे मेल एकाच डेटाबेसमध्ये होते. जुनं मशीन चालू ठेवून डेटाबेसची नक्कल नव्यावर आधीच उतरवायची आणि शेवटचा फरक तेवढा मेल थांबवून घ्यायचा, असं ठरवलं. नक्कल रखडली. पाहतो तर निम्मा पसारा सगळ्यांच्या 'कचरा' फोल्डरांचा. नव्या घरात कचरा कोण नेतो? मी तो गाळला. रविवारी दुपारी मेल फक्त अकरा मिनिटं बंद राहिला, आणि आठवडाभर मी ते दिसेल त्याला ऐकवत हिंडलो. कुणाची तक्रार आली नाही. मग जुन्या डिस्क आणि बॅकअप पुसून दुसऱ्या कामाला लावले.

तलासरीच्या केंद्रावर एक ताई २०१४ पासून रोजंदारीवर कारकुनी करत होत्या. वेवजीहून यायच्या. रोजंदारीवाल्यांचं नाव मस्टरवर चढलं की ते हक्क सांगतात, म्हणून तिथं मस्टरच ठेवलेलं नव्हतं. ताई सकाळी 'हजर' असा मेल करायच्या आणि डहाणूहून 'नोंद घेतली' असं उत्तर जायचं. हीच त्यांची हजेरी. मेलबॉक्स भरला तेव्हा त्यांनी फोन केला होता. मी घाईत होतो. म्हटलं, "ताई, कचऱ्यातलं जागेत मोजत नाहीत. तिकडे टाका, राहील सगळं." त्यांनी पुढं सगळी वर्षं तसंच केलं. मी मात्र ते सांगून विसरलो.

त्याच वर्षी कमिटीनं ठरवलं की पाच वर्षांची नोंद दाखवेल त्याला कायम करायचं. ताईंचा फोन आला.

"सर, कचऱ्यात मागचं काहीच दिसत नाय."

 पुसलेल्या डिस्क परत काढून दोन दिवस खरवडल्या, पण त्यांच्यावर नवं लिहून झालं होतं. डहाणूहून उत्तर देणाऱ्या कारकुनाचे आलेले-पाठवलेले मेल बघावेत, तर तो ते महिनाअखेरीला साफ करायचा. तीही माझीच शिस्त.

"मग मी पाच वरसं आलीच नाय, असं धरतील काय?" ताईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

कमिटीनं माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. मी लिहिलं: सर्व्हर बदलताना कचरा फोल्डर हलवले नाहीत, त्यात काय होतं हे आता सांगता येत नाही. अक्षर न् अक्षर खरं. ते मेल तिथं ठेवायला मीच सांगितलं होतं, हे वाक्य दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. मला नोकरीची भीती वाटली. दुसरं कारण नाही.

ताईंचा अर्ज 'पुरावा नाही' म्हणून परत आला. खुलाशाची झेरॉक्स घ्यायला त्या डहाणूला आल्या. कागद उभ्याउभ्याच वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला.

"तुम्ही लिहून तरी दिलंत, सर," त्या म्हणाल्या. "बाकी कोण देतं आमाला?"

मी त्यांना बसा म्हणालो, चहा मागवला.