सिंधूची न कापलेली पानं

त्या रविवारी दुपारी मी अंगणात सांडगे राखत बसले होते. डोक्यावर पदर, हातात काठी. पण नवल बघा, अख्खी दुपार एक कावळा फिरकला नाही. एरवी आमच्या सिल्वासातले कावळे म्हणजे ताटातला घास उचलतील असे. मी मनात म्हटलं, आज कुणाकडे पंगत आहे की काय यांची? तेवढ्यात पलीकडच्या शांताबेन कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मासी, टीचर ऊठतां नथी." उठत नसतील तर झोपू दे की, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काठी तिथंच टाकून निघाले.

टीचर म्हणजे माझी सिंधू. भिंतीला भिंत लागून राहायची, शाळेत मराठी शिकवायची. चाळिशी नुकती उलटली होती. वेताच्या खुर्चीत बसली होती, मान जराशी कललेली, मांडीवर पुस्तक. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, कळलंही नसेल. शेजारच्या स्टुलावर दोन कप होते, एक रिकामा, एक भरलेला. जमलेल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, कोण आलं होतं चहाला? दुसरा कप कुणाचा ते मला ठाऊक होतं. वाकून मी पहिल्यांदा कुठं पाहिलं असेल तर त्या भरल्या कपाकडे... चहा गार झाला होता, पण वर साय धरली नव्हती.

तुम्ही म्हणाल, म्हातारी काय सांगतेय. सांगते, नीट सांगते. फिरंगी गेले, आपलं सरकार आलं, आणि माझ्या मुलाची इथल्या कचेरीत नेमणूक झाली. मी गुहागरकडची. नारळ-सुपारीतून उठून इथं आले तर चारी बाजूंनी गुजराती बोलणं, बाजारात वारली बाया, आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली. मग सिंधू आणि तिचे यजमान आले, दोघं गिरगावातले, दोघं शिक्षक. भिंतीपलीकडून मराठी भांडण ऐकू आलं तेव्हा मला माहेर भेटल्यासारखं झालं. भांडण कसलं, तर आमटीत गूळ किती! दुसऱ्याच वर्षी तिचे यजमान तापानं गेले. भाऊ न्यायला आला, पण ही हलेना. म्हणाली, "त्यांना दमणगंगेच्या काठी ठेवून मी गिरगावात काय करू?"

मी शाळेत गेलेली नाही. मुलांच्या पाटीवरून अक्षरं उचलली आणि वाण्याच्या पुडीचे कागद वाचत वाचत वाचायला लागले. त्यामुळे वाचनाची हाव फार. अर्धी गोष्ट पुडीवर आणि उरलेली दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पुडीत गेली, की मला जेवण जात नसे. सिंधूनं हे ओळखलं आणि मला पुस्तकं द्यायला लागली. नेम एकच, आधी ती वाचणार, मग मी. कारण मी आधी वाचलं तर शेवट पोटात राहत नाही माझ्या, कुंपणावरूनच सांगून मोकळी होते. आणि वाचायची कशी, तर हळू. एकेका पानावर रेंगाळायची. मी रोज विचारायची, "झालं का गं?" ती म्हणायची, "घाई नको काकू. झालं की देते."

असंच एकदा तिनं ते पुस्तक दिलं. नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही माझ्याआधी शेवट वाचून मोकळे व्हाल. एका बाईचा नवरा पहिल्याच प्रकरणात वारतो, आणि मग रोज दुपारी चहाला येऊन बसतो. तिला त्याचं जे जे आठवतं तेवढाच तो असतो. तिच्या आठवणीतून त्याच्या सदऱ्याचा रंग गेला की सदऱ्याचा रंग जातो. हाक मारायची तऱ्हा विसरली, की तो मुका. मला आधी रागच आला. सिंधूला म्हटलं, ही बाई स्वयंपाक कधी करते? हिच्या दारात दूधवाला, भांडीवाली, कुणीच कसं येत नाही? सिंधू हसून हसून लाल झाली. पण दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना माझा हात थांबला. आमच्या ह्यांना जाऊन किती काळ लोटला, त्यांचा आवाज आठवायला गेले तर येईना. खोकला आठवला, आवाज नाही. भर उन्हाचं मला काकडल्यासारखं झालं. पुस्तक असं असतं होय, असं तेव्हा वाटलं.

शेवटाशी आले आणि अडकले. शेवटची सोळा पानं कापायचीच राहून गेली होती. छापखान्यात घडी घालून कडा कापतात ना, त्या तशाच जुळलेल्या. मी विळी घेऊन सरसावले तर सिंधूनं पुस्तक ओढून घेतलं. तेव्हा सांगितलं तिनं. पुस्तक तिच्या यजमानांनी आणलेलं, तिनंही इथवरच वाचलेलं. वाचत वाचत ते इथवर आले आणि म्हणाले, "सिंधू, सुरी आण गं." ही म्हणाली, चहा उकळतोय, गाळते आणि आणते. चहा घेऊन आली तर त्यांना हुडहुडी भरलेली. त्या तापातून ते उठलेच नाहीत. "त्यांचं वाचून व्हायचंय काकू," ती म्हणाली, "मग माझं, मग तुमचं."

मग हिचाही दुसरा कप सुरू झाला. शाळेतून आली की दोन कप मांडायची. मी रागावले, अगं, लोक काय म्हणतील? तर म्हणे, लोकांना कुठं चहा देतेय. मी समोर बसायची, माझा कप तिसरा. आमचं दूध म्हशीचं, दाट. पाठ वळली की चहावर साय. पण त्या कपावर कधी धरली नाही. कुणी हलकेच फुंकर घालत असावं तशी... मी एकदा विचारलं. सिंधू म्हणाली, "त्यांना साय आवडत नाही," आणि वह्या तपासायला लागली.

शनिवारी शेवटची भेट. परीक्षा संपल्या होत्या, तोंडावर कसलं तरी समाधान होतं. मला म्हणाली, "काकू, शेवट कळला मला."

"कापलीस होय पानं?"

"नाही. त्यांचं वाचून झालं. त्यांनी सांगितला."

मी पुस्तक उचलून पाहिलं. पानं जुळलेलीच. मी म्हटलं, मग मलाही सांग की. ती माझ्याकडे बघत राहिली, मला वाटतं माझी दया आली तिला. म्हणाली, "तुम्ही वाचा. पण माझं झाल्यावर."

दहाव्याला दमणगंगेवर आम्ही बायका सहसा जात नाही, पण मी गेले. हिचं इथं होतं कोण? भावानं पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, हलेनात. भाऊ एकेक कबूल करत गेला. शाळेत तिच्या नावानं पुस्तकं देईन, वर्षश्राद्ध इथंच करीन, यजमानांच्या शेजारीच तुझी राख सोडली, आणखी काय हवं? ऊन चढत चाललं, भटजी घाम पुसत दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी करू लागले. मी पुढं झाले. मनात म्हटलं, सिंधू, तुझं पुस्तक मी पुरं वाचीन. कावळ्यांनी माना फिरवल्या. अगदी पाठ केली आमच्याकडे. मग मला शनिवारचं आठवलं. मी उघड बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बरं बाई, नाही कापत मी. तुझं होऊ दे." शब्द संपतो न संपतो तोच एक कावळा उतरला. घाई न करता चालत आला, आणि पिंडाला शिवला.

पुस्तक आता माझ्याकडे आहे, तिची वेताची खुर्चीही. भाऊ म्हणाला, काकू, हे तुम्हीच ठेवा. दुपारी चारला मी चहा करते. कप दोनच मांडते, तिचे यजमान आता माझ्याकडे कशाला येतील? मुलगा काही बोलत नाही, सून बोलते, तर तिला म्हटलं, माझ्या वाट्याच्या दुधातलं आहे. माझ्या कपावर जाड साय येते. दुसऱ्यावर येत नाही. सिंधूला मात्र साय आवडायची हो, बोटानं काढून खायची. म्हणजे धरतेय आणि ती खातेय, की धरतच नाही, ते मी बघायला जात नाही.

हे सगळं लिहायला बसले ते एवढ्यासाठी. परवा धूळ झटकायला पुस्तक हातात घेतलं तर जुळलेल्या पानांतलं पहिलं सुटलेलं होतं. सुरीनं कापल्यासारखं नाही, बोट घालून हळूहळू उलगडल्यासारखं. घरात कुणी हात लावलेला नाही, मी सगळ्यांना विचारलं. आज दुसरं सुटलंय. पुडीचा कागद न सोडणारी मी, चष्मा डोळ्यांवर, दोन पानं समोर उघडी... पण नाही वाचली. आधी ती, मग मी, असा नेम आहे आमचा. मी पुस्तक खुर्चीत ठेवलं आणि सवयीनं विचारलं, "झालं का गं?"

अजून नाही. हळू वाचते ती. आणि खरं सांगू, मलाही आता काही घाई नाही.