पापडाच्या गाडीला नऊ पाटे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगायला लागल्यावर मधेच कुणी फिस्सकन हसलं की माझा धागा तुटतो, आणि मी अर्धवट सोडलं की आमची सुनंदा पुढचं सांगते. तिच्या सांगण्यात मी आणखी बावळट असतो. तेव्हा चहा ओता आणि माझ्याच तोंडून ऐका.

रसायनीच्या कंपनीतून मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. घरी बायकोचा, म्हणजे सुनंदाचा, पापडांचा उद्योग जोरात होता. पोह्याचे पापड, कुरडया, फेण्या, मिरगुंडं. कर्जतला आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. नेरळ, चौक, खोपोलीच्या दुकानांतून मागणी यायला लागली, रिक्षानं माल पोचवता पोचवता जीव जायला लागला, आणि ठरलं की एक जुनी डिझेल पिकअप घ्यायची. पोशीरच्या एका भाजीवाल्याची गाडी मिळाली. पैसे सुनंदाचे, मिशीवर ताव माझा.

आता जुनी गाडी घेतली की पहिल्यांदा तिला काय करायचं, यावर आपल्याकडं ज्याला सायकल येत नाही तोसुद्धा दोन तास बोलू शकतो. शेजारी म्हणाला, टपावर दिव्यांची पट्टी लाव. मेहुणा म्हणाला, आधी स्पीकर टाका, दाजी, गाडी लांबून ऐकू आली पाहिजे. एकानं तर सांगितलं, काचेवर नाव नसलेली गाडी चोरीची वाटते. सुनंदानं दोनच गोष्टी सांगितल्या.

"एक ताडपत्री घ्या आणि वायपर बदला."

ताडपत्री आणि वायपर! अहो, यात गाडीवाल्याची शान ती काय? मी मान डोलावली आणि गाडी घेऊन थेट बाळाराम मिस्त्रीकडं गेलो.

चौकच्या पुढं हायवेला त्याचं गॅरेज आहे. मी पोचलो तेव्हा तिथं विटांच्या आणि खडीच्या गाड्यांचे चार-पाच ड्रायव्हर उभे होते. हात काळे, छातीची बटणं उघडी, गालात तंबाखू. आणि मी इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन लावून. बाळारामनं गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि विचारलं,

"गाडी बरी हाय, काका. हिच्यात भरनार काय तुमी?"

साधा प्रश्न होता. उत्तर एका शब्दाचं होतं. पण ते सगळे ड्रायव्हर माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्यासमोर 'पापड' म्हणायला माझी जीभ वळेना. पंचवीस वर्षं कंपनीत मशीन चालवलेला माणूस मी, आणि बायकोच्या कुरडया पोचवतो म्हणून सांगू?

"माल," मी म्हणालो.

"माल तर समदेच भरतात. कसला?"

"रेती, खडी. आपलं नेहमीचं."

"किती भरनार?"

"दोन-अडीच टन," मी म्हणालो. सुनंदा आणि तिच्या सगळ्या बहिणी वर्षभर लाटत बसल्या तरी एवढ्या वजनाचे पापड होणार नाहीत.

"मंग पाटं वाढवायला लागतील."

मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची कमान असते, तिच्यावर गाडी तोलते. माझ्या गाडीला सात-सात पाटे होते. बाळारामनं दोन्हीकडं दोन-दोन चढवले, नऊ-नऊ झाले. गाडीची मागची बाजू वीतभर उचलली गेली. एक ड्रायव्हर म्हणाला, "आता घाला किती पन. हूं का चूं करनार नाय." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कुणी माझंच कौतुक केल्यासारखं मी हसलो.

परत निघालो. पहिल्याच खड्ड्यात माझं डोकं टपाला लागलं.

रिकाम्या गाडीला दोन-अडीच टनांची कमान म्हणजे काय, ते तुम्हाला बसल्याशिवाय कळायचं नाही. रस्त्यावर शेंगदाण्याचं टरफल पडलेलं असलं तरी ते मणक्याला समजायचं. आणि पापडाचं वजन गाडीला वजन वाटतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वीस खोके घेऊन नेरळला गेलो. दुकानदारानं खोका उघडला, आत हात घातला आणि मूठभर चुरा वर काढला.

"काका, हे पापड हायत का चिवड्याचं सामान?"

घरी आल्यावर सुनंदानं विचारलं, "काय केलंत तुम्ही गाडीला?"

"मी काय करणार? रस्ते बघ कसले आहेत."

रस्त्यावर ढकललं की आपल्याकडं कुणी पुरावा मागत नाही, ही फार मोठी सोय आहे. सुनंदानं रस्त्याला शिव्या दिल्या, ठेकेदाराला दिल्या, आमच्या वॉर्डात मतं मागायला आलेल्या सगळ्यांना दिल्या. मीही दोन दिल्या. आठवडाभर हेच चाललं. मी चुरा परत आणायचो आणि ती ठेकेदाराचा उद्धार करायची.

शेवटी बाळारामकडं गेलो. खरं सांगायला गेलो होतो हो, पण तिथं आज आणखी तीन ड्रायव्हर जास्त होते.

"गाडी फार उडते रे, बाळाराम."

"रिकामी उडनारच, काका. भरली की बसंल."

भरली की बसेल! मला एकदम डोक्यात उजेड पडल्यासारखं झालं. आमच्या गच्चीचं काम झालं होतं त्यातली रेती परसात पडून होती. सुनंदा देवळात गेली असताना मी रेतीच्या चौदा गोणी भरल्या, गाडीत तळाला ओळीनं मांडल्या आणि सुनंदाला दिसू नयेत म्हणून, हो, ताडपत्री विकत आणली. गोणींवर ताडपत्री, ताडपत्रीवर खोके.

"घेतलीत एकदाची," सुनंदा खूश होऊन म्हणाली. मग तिनं जरा निरखून बघितलं. "पण ताडपत्री वर घालतात ना? तुम्ही खोक्यांच्या खाली का घातलीत?"

"खालून ओल येते."

"मे महिन्यात?"

मी गाडी सुरू केली. इंजिनाच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही.

गाडी मात्र बसली. अगदी हत्तीच्या चालीनं जायला लागली. नेरळच्या दुकानदारानं अख्खे पापड बघून मला चहा पाजला. मी महिनाभर रोज चौदा गोणी रेती घेऊन कर्जतहून निघत होतो आणि चौदा गोणी रेती घेऊन कर्जतला परत येत होतो. यात काही विचित्र आहे असं मला वाटेनासं झालं होतं, हे जास्त विचित्र.

मग आलं शीतलचं लग्न. शीतल म्हणजे सुनंदाच्या बहिणीची मुलगी. लग्न खालापूरला, आणि रुखवत करायचं सुनंदानं अंगावर घेतलं होतं. पंधरा दिवस खपून तिनं कुरडयांचं देऊळ केलं. खोटं सांगत नाही, गुडघ्याएवढं उंच. फेण्यांच्या भिंती, मिरगुंडांची कमान, पापडाच्या पायऱ्या, वर कळस. शेजारणी बघायला येऊन लांब उभ्या राहायच्या, श्वास लागून पडेल म्हणून. सुनंदानं मला एवढंच सांगितलं, "हे मोडलं ना, तर मी मांडवात तोंड दाखवणार नाही."

देऊळ गादीवर ठेवून, चारी बाजूंनी उशा लावून आम्ही सकाळी निघालो. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालली होती. चौक मागं पडलं तेव्हा सुनंदा म्हणाली,

"रस्ता चांगला केलाय की हो आता."

"केला असेल."

"उगीच शिव्या दिल्या बिचाऱ्याला."

तेवढ्यात पुढं हात दिसला. रस्त्याच्या कडेला जीप, तीन माणसं आणि एक तरुण तलाठी बाई. चोरटी रेती पकडायला महसूलचं पथक उभं होतं.

तलाठी बाईंनी मागं जाऊन देऊळ बघितलं, कौतुकानं मान हलवली, आणि मग खाली वाकून चाकांकडं बघितलं.

"नऊ पाटे? रुखवताला?"

त्यांच्या माणसानं ताडपत्रीचं टोक उचललं. सुनंदाही उतरून आली होती. गोणी बघून तिचं तोंड उघडं राहिलं.

"रेती लपवायला वर रुखवत," तलाठी बाई म्हणाल्या. "हे मात्र मी पहिल्यांदाच बघतेय. रेती कुठं चालली, काका?"

"कुठंच नाही."

"म्हणजे?"

"ती आपली माझ्याबरोबर असते."

शेजारी चहाची टपरी होती. टपरीवाल्याला कुणी विचारलं नव्हतं, पण तो गाळणी हातात घेऊन पुढं आला. "म्याडम, ही गाडी मी महिनाभर बघतोय. जाताना भरलेली जाते, येताना पन भरलेलीच येते. काय कळंना आमाला."

"पाटे कुणी टाकले?" बाईंनी मला विचारलं. म्हटलं, सुटलो. बाळारामला फोन लावला, तो सांगेल मी कसा सज्जन माणूस आहे ते. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"दिनकरकाका ना?" बाळारामचा आवाज आला. "वळखतो की. रेती-खडीवालं. दोन-अडीच टन भरतो म्हनालं, म्हनून मीच पाटं वाढवून दिलं. का, म्याडम, पकडलं का त्यांना? सोडा हो, चांगला मानूस हाय."

फोन बंद झाला. सगळे माझ्याकडं बघत होते, पण मला सुनंदाचीच नजर टोचत होती.

"रेती-खडी सांगितलंत?" ती म्हणाली. "का?"

मग मी सांगितलं. भर हायवेवर, तलाठी बाईंसमोर, टपरीवाल्यासमोर. की तिथं ड्रायव्हर उभे होते, आणि मला पापड म्हणायची लाज वाटली. म्हणून रेती म्हणालो, म्हणून पाटे वाढले, म्हणून पापड फुटले, म्हणून रेती भरली. सुनंदानं फक्त देवळाभोवतीच्या उशा नीट केल्या. त्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्या पापडांवर गाडी आली, त्याच पापडांचं नाव घ्यायला मी लाजलो होतो.

"खरं असणार," तलाठी बाई म्हणाल्या. "स्वतःची एवढी शोभा होईल असं खोटं कुणी रचत नाही."

सुनंदानं सांगितलं, रेती घराच्या कामाची आहे, पावती घरी आहे. उद्या ऑफिसात घेऊन या, बाई म्हणाल्या, तोवर रेती इथंच उतरवा. चौदा गोणी मी एकट्यानं उतरवल्या, लग्नाच्या झब्ब्यात. पंचनाम्यात 'रेती बाळगण्याचं कारण' म्हणून त्यांच्या माणसानं लिहिलं, 'गाडी उडू नये'. मी खाली सही केली.

घामाघूम होऊन मी गाडीकडं वळलो आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. रेती गेली. गाडी रिकामी. देऊळ गादीवर. आणि खालापूरपर्यंत तोच रस्ता, ज्याला आम्ही आठवडाभर शिव्या दिल्या होत्या.

सुनंदाच्या आधीच लक्षात आलं होतं. ती तलाठी बाईंना म्हणाली, "ताई, तुमची जीप खालापूरकडंच जातेय का?"

"जातेय, मावशी. बसा. देऊळ मी धरते."

तर आमचं रुखवत सरकारी जीपमधून, तलाठी बाईंच्या मांडीवरून, मांडवाच्या दारात उतरलं. एक कुरडई हलली नाही. मागून मी एकटा, नऊ पाट्यांवर उडत, टपाला डोकं आपटत आलो.

पोचलो तेव्हा रुखवताभोवती बायकांची ही गर्दी झाली होती. विहीणबाई सुनंदाला म्हणत होत्या, देऊळ केलंत तुम्ही, आता नाव पण तुम्हीच घ्या. सुनंदानं गर्दीवरून मला शोधलं, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं,

"पापड लाटते मी, वाळवते गच्चीवरती,
पापडाला लाजून दिनकरराव फिरवतात रेती."

कुणाला काही कळलं नाही, म्हणून तिनं समजावून सांगितलं. पहिल्यापासून. मांडवातली एकेक बाई मागं वळून माझ्याकडं बघत होती, आणि मुहूर्ताला अजून बराच वेळ होता.

दुसऱ्या दिवशी पाटे काढायला गेलो. ड्रायव्हर होतेच. मी गाडीतून उतरलो आणि उतरल्या उतरल्या सांगितलं, पापड नेतो, माझ्या बायकोचे. कुणी हसलं नाही. बाळाराम पाना शोधत म्हणाला, "मंग आदी सांगायचं ना, काका. आमची म्हातारी पन लाटते."

तिथून सरळ पेंटरकडं गेलो. गाडीच्या दोन्ही बाजूंना, मागं आणि काचेवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, 'सुनंदाचे पापड'. लांबून वाचता येतं. तरी अजूनही चौकच्या पुढं त्या टपरीपाशी आलो की कुणीतरी हात करून गाडी थांबवतं, वाकून खिडकीतून आत बघतं आणि हळूच विचारतं, "काका, पापडाखाली काय हाय आज?"