ओटीतली गोल्टी

सातपूरच्या त्या कारखान्यात पाळी सुटली की फाटकावर रोज एक गंमत व्हायची. कामगारांची रांग लागण्याआधी सुरक्षा अधिकारी साळवे स्वतः पुढे व्हायचे, दोन्ही हात वर करायचे आणि आपल्याच हाताखालच्या शिपायाला म्हणायचे, "घे झडती." शिपाई बिचारा साहेबांचे खिसे चाचपायचा, डबा उघडून बघायचा आणि मग रांग सुरू व्हायची. नवे कामगार तोंड फिरवून हसायचे. जुने म्हणायचे, साहेबांचा एक स्क्रू ढिला आहे. मॅनेजरनं एकदा हटकलंही, साळवे, तुमची कसली झडती? साळव्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर केले. याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सांगण्यासारखं असतं तर शहाणा माणूस असा कशाला उभा राहिला असता?

हे कारण लासलगावचं होतं आणि तेव्हा ते साळवेसाहेब नव्हते, नुसता सहादू होता. वडील कोंडाजी स्टेशनात कांद्याच्या वाघिणी भरायचे. आई लहानपणीच गेली, मागोमाग वडीलही गेले आणि पोराला आत्यानं वाढवलं. आत्या म्हणजे नवसाबाई. ती एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. खळं म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. लिलावात घेतलेला कांदा तिथं ओतायचा, बायकांनी ओळीनं बसून मोठा, मध्यम आणि बारीक गोल्टी असा वेगळा करायचा, मग गोण्या भरायच्या. संध्याकाळी उठताना प्रत्येक बाई ओटीत मावेल तेवढी गोल्टी बांधून घरी न्यायची. शेटच्या बापाच्या वेळेपासूनची ही रीत. कुणी मागत नव्हतं, कुणी देत नव्हतं, आणि कुणी अडवतही नव्हतं. त्या गोल्टीच्या कालवणावर सहादू वाढला आणि शिकायला नाशिकला गेला.

एम.ए.ला त्यानं समाजशास्त्र घेतलं आणि त्यात गुन्हेशास्त्राचा पेपर. वस्तीत हे कळलं तेव्हा अर्ध्या लोकांना वाटलं पोरगं फौजदार होणार आणि उरलेल्यांना वाटलं पोरगं वाया गेलं. पण सहादूला विषयानं झपाटलंच होतं. शिकवणारे सर म्हणायचे, चोर कोण हे पोलीस बघतील, तुम्ही चोरीला वाट कुठून मिळते ते बघा. फाटक, कुंपण, उजेड, माणसं कुठं उभी असतात, कुणाची नजर कुठं नसते. परीक्षेसाठी प्रत्येकानं एक जागा निवडून असा अभ्यास करायचा होता. बाकीच्यांनी एसटी स्टँड घेतला, बाजारपेठ घेतली. सहादूनं आत्याचं खळं घेतलं. अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा होता तो.

आत्याला केवढं कौतुक! तिनं त्याला सगळं खळं हिंडून दाखवलं. वजनकाटा कुठं, गोण्या कुठं शिवतात, तार कुठं तुटलीय, ट्रक मागच्या अंगाला का लावतात. शिकलेल्या भाच्याला आपल्यालाही काही शिकवता येतंय, या आनंदात बाई तरंगत होती. ओटीकडं बोट करून सहादूनं विचारलं, "आत्या, याला परवानगी कुणाची?"

ती खळखळून हसली. "परवानगी कशाची रे येड्या? संध्याकाळचं भाकरीबरोबरचं कोड्यास हाय ते."

आठवडाभर बघितल्यावर सहादूला एक गोष्ट लख्ख कळली होती. माल चोरीला जात होता तो काट्यावर आणि ट्रक भरताना. मुनीम आणि ट्रकवाले यांचं काहीतरी साटंलोटं होतं. पुरावा हातात नव्हता, पण डोळे होते.

मग एका दुपारी शेटनं त्याला पेढीवर बोलावलं. तिथली पायरी सहादूच्या ओळखीची होती, कारण त्याचे वडील मजुरी घ्यायला तिच्याखाली उभे राहायचे. हमालांसाठी कान तुटलेले कप बाहेर कोनाड्यात वेगळे ठेवलेले असायचे, तेही त्यानं लहानपणी पाहिले होते. आणि आज शेट म्हणाले, "या साळवे, बसा," आणि खुर्ची पुढं सरकवली. चहा आला तो कपबशीत. लाज वाटायची गोष्ट आहे, पण त्या क्षणी त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

"मग, काय म्हणतो तुमचा अभ्यास? आमचा माल जातो कुठं?" शेटनी विचारलं.

मुनीम समोरच बसला होता, टाचणीनं दात कोरत, सहादूकडं टक लावून. खुर्चीत बसून काहीच न सांगणं त्याला जमेना आणि खरं सांगायची छाती होईना. मग त्यानं जे सोपं होतं ते सांगितलं. "बायका रोज ओटीतून गोल्टी नेतात. एकेकीचं थोडं दिसतं, पण सगळ्यांचं वर्षाचं धरलं तर..." पुढं तो पुस्तकी भाषेत बरंच बोलला. मुनीम मान डोलावत राहिला. शेट म्हणाले, "वा! शिक्षण हे असं असावं."

निघण्याच्या दिवशी संध्याकाळी तो आत्याला घ्यायला खळ्यावर गेला. फाटकात भिमाबाई नावाची एक धिप्पाड बाई उभी केलेली होती. बायका नेहमीसारख्या निघाल्या, सगळ्यांत पुढं नवसाबाई, कारण जुनी तीच.

"ओटी सोड," भिमाबाई म्हणाली.

आत्याला आधी समजेचना. मग तिनं गाठ सोडली. गोल्टी भुईवर घरंगळली, एक सहादूच्या बुटापर्यंत आली. भिमाबाईनं तिला हात वर करायला लावले, पदर झटकायला लावला. आत्यानं सहादूकडं पाहिलं, आणि तिच्या नजरेत राग असता तर त्याला निभावलं असतं. ती विश्वासानं बघत होती.

"तू सांग ना बाबा यांना. तू शिकलेला हायेस. ही काय चोरी हाय का?"

सहादू म्हणाला, "आत्या, आता तसा नियम आहे."

त्या रात्री तिनं भाकरीबरोबर नुसती चटणी वाढली आणि वर त्याचीच माफी मागितली, "आज कांदा नाय रे पोरा." आता बोलावं, आता बोलावं असं करत तो अंथरुणावर पडला आणि पहाटेच्या गाडीनं नाशिकला निघून आला.

अभ्यासाला पहिला वर्ग मिळाला. सरांनी पाठ थोपटली. नोकरी लागली ती सातपूरला, फाटकावरची, आणि त्याचं रोजचं कामच झालं माणसांचे हात वर करायला लावणं. लग्न झालं, लता घरी आली, मुलगी झाली. आत्या वर्षातून एकदा यायची, तेव्हा साळवे तिला नवं लुगडं घ्यायचे, डॉक्टरकडं न्यायचे, गोदावरीवर फिरवून आणायचे. बोलायचं मात्र राहून जायचं. हा माणूस आतून पोखरला होता आणि वरून इस्त्रीचा गणवेश घालून हिंडत होता.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर आत्या आली तेव्हा पार वाकली होती. येताना पिशवीभर कांदा घेऊन आली. "इकत घेतलाय हां," ती लताला म्हणाली. खळ्यावर अजून जात होती. चार दिवस राहिली, नातीला खेळवलं आणि पाचव्या दिवशी दुपारच्या एसटीनं निघाली.

साळवे पिशवी घेऊन पुढं झाले. मागं वळून बघतात तो आत्या उंबऱ्यावर थांबलेली. तिनं रिकामे दोन्ही हात वर केले, मग पदर सोडून दोनदा झटकला, ओटीची गाठ उकलून दाखवली आणि मगच पाऊल बाहेर टाकलं.

लताला हसू फुटलं. "अहो आत्या, हे काय करताय?"

आत्या दचकली. स्वतःच्या हातांकडं बघून ओशाळली. "अगं बया! सवय झाली बघ. दारातून निघालं की आपसूक व्हतं."

साळव्यांच्या हातातली पिशवी खाली आली. लता समोर होती, मुलगी समोर होती, पण आता थांबणं त्यांच्या हातात राहिलं नाही. "आत्या, शेटला मी सांगितलं होतं. ओटीचं. मीच सांगितलं."

आत्या पदर डोक्यावर घेत होती. तो सावकाश नीट घेऊन झाल्यावर म्हणाली, "ठावं हाय की. मुनीमानं झडतीच्या दुसऱ्याच दिशी सांगितलं सगळ्यांम्होरं."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? तो म्हनला, तुह्या भाच्याला शेटनं खुर्ची दिली, कपबशीत चहा पाजला." ती दारातच थांबून भाच्याकडं बघत राहिली. "माझ्या भावाला त्या पायरीवर कधी बसू दिलं नाय. मला लय बरं वाटलं व्हतं रे."

मग तिनं खाली पडलेली पिशवी स्वतःच उचलली, कारण साळव्यांना ती उचलता येईना, आणि एसटीची वेळ होत आली म्हणून चालू लागली.