जमिनीलगतची दहा हात हवा

लिहून देणार: दत्तात्रय, अर्जलेखक. घटना: गेल्या मंगळवारची रात्र. साक्षीदार: पत्नी सौ. सुशीला, दम्यामुळे जागी.

टेकडीवरील वेधशाळेतून हिरवा किरण आकाशात चढत होता. तेथील तंत्रज्ञ मला म्हणाले होते, "काका, उजेड धुळीवर आपटून परत येतो, त्यावरून धूर किती उंचीवर आहे ते कळतं. अगदी खालचं मात्र याला दिसत नाही."

प्रत्येक अर्जाची पोहोच घ्यावी, हा माझा दंडक. कचेऱ्या ती महिनोन्‌महिने देत नाहीत; आकाश मात्र त्या किरणाची पोहोच क्षणार्धात देते. या विचाराने मला स्वस्थता लाभेना; तो मी पत्नीस बोलून दाखवला.

"आकाशाचं कौतुक पुरे," सुशीला खोकत म्हणाली. "धूर इथं माझ्या खाटेवर उतरलाय."

तिचे म्हणणे यथार्थ होते. थंडीत रात्रीची गार हवा जमिनीलगत बसते आणि वीटभट्टीचा धूर तिच्यातच कोंडून राहतो. खिडकी उघडली की तिचा खोकला वाढे. लावली की ती घुसमटे. मी रात्रभर कडीवर हात ठेवून उभा होतो.

सबब विनंती, की माणूस जी हवा श्वासात घेतो, ती जमिनीलगतची दहा हात हवाही कोणीतरी मोजावी आणि खिडकी उघडी ठेवावी की बंद, एवढे आम्हांस लेखी कळवावे.