भाजलेल्या लाकडाची बेस गिटार

माझे धाकटे दीर जन्मभर दारे-खिडक्या करत आले. हात उत्तम, डोके त्याहून उत्तम आणि दुसऱ्याचे ऐकण्याच्या नावाने शून्य. जाऊ गेल्यापासून ते आणि त्यांची लेक माझ्याकडेच राहतात, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही.

लेक एका बँडमध्ये बेस गिटार वाजवते. साध्या गिटारपेक्षा ही लांब, तारा चारच पण जाड आणि आवाज असा खर्जातला की कपाटातल्या कपबश्या किणकिणतात. तिच्या जुन्या गिटारची मान वाकली, तेव्हा ती नवी घेऊ म्हणाली. भाऊजींना ते लागले. सुताराच्या लेकीने लाकडाची वस्तू दुकानातून आणायची? मी करतो, म्हणाले. बँडच्या पुढच्या कार्यक्रमाआधी झाली तर तीच वाजवीन, नाहीतर सरळ विकत आणीन, असे लेकीने बजावले. तेव्हापासून भाऊजींचे जेवणात लक्ष नाही.

नव्या गिटारची मान वाकू नये म्हणून लाकूड आधी भाजायचे ठरले. भाजलेले लाकूड पावसाळ्यात फुगत नाही, उन्हाळ्यात आकसत नाही. हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावले की मी झोपेतही म्हणून दाखवीन. फळी माझ्या ओव्हनमध्ये तिरकी घालूनही मावेना, तेव्हा कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला गळ घातली. पत्र्याच्या डब्यात बंद करून फळ्या त्याच्या भट्टीत गेल्या आणि चॉकलेटी होऊन बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशीच्या ब्रेडला जळक्या फर्निचरचा वास आला म्हणे. बेकरीवाला अजून माझ्याकडे असा बघतो, जणू फळ्या मीच भाजल्या.

मग मागच्या व्हरांड्यात काम सुरू झाले. भुसा वाळत घातलेल्या कपड्यांवर, भुसा साखरेच्या डब्यात, भुसा माझ्या चष्म्याच्या घरात. बोलून बोलून माझे तोंड दुखले. भाऊजी नुसते "हो वहिनी" म्हणत आणि रंधा पुढे ढकलत.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी गिटार तयार झाली. दिसत होती देखणी, हे मान्य करायलाच हवे. लेकीने तारा सुरात लावल्या, मानेवर हात सरकवला आणि सूर घसरला. पुन्हा लावल्या, पुन्हा घसरला.

"बाबा, मान हलतेय."

मानेचा खालचा भाग गिटारच्या अंगातल्या खाचेत घट्ट बसायला हवा. भाऊजींनी सांध्यात नख घालून पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "हलणारच. नखभर फट ठेवलीय. पावसाळ्यात लाकूड फुगलं की आपोआप घट्ट बसेल."

"भाऊजी," मी म्हटले, "मग भाजलं कशाला?"

त्यांनी सांध्यातून नख काढून घेतले. दाराच्या पल्ल्याला ठेवायची फट हाताने सवयीने ठेवली होती, डोक्याला न विचारता.

आता पाचर घाला आणि मोकळे व्हा, असे मी सुचवले. छे. फटीत पाचर घालणारा सुतार म्हणजे यांच्या लेखी कामचुकार. नवी मान करायला वेळ नव्हता. ते हत्यारे गोळा करू लागले. गिटारचे दुकान बंद व्हायच्या आत निघायला हवे म्हणून लेकीने पर्स उचलली, दारापर्यंत गेली आणि परत आली. कचऱ्याच्या ढिगातून विनियरची, म्हणजे कागदासारख्या लाकडाची, एक पट्टी काढून ती माझ्या स्वयंपाकघरातल्या कात्रीने वेडीवाकडी कापू लागली.

ते मात्र भाऊजींना बघवेना. "ठेव ती कात्री. लाकूड आहे ते, कापड नाही."

पट्टी हिसकावून घेऊन त्यांनी पटाशीने ती तासली, गोंद लावला आणि सांध्यात सरकवली. मान हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी जागेवर बसली. हे मघाशीच का नाही केले, हा प्रश्न मी गिळला.

कार्यक्रमाला भाऊजी पहिल्या रांगेत बसले आणि पूर्ण वेळ त्या सांध्याकडे टक लावून राहिले. लोक टाळ्या वाजवत होते, मी कोपराने ढोसत होते, पण यांची पापणी हलेल तर शपथ. संपल्यावर लेक घामाघूम होऊन आली. विचारले, कसे झाले.

"हलली नाही," भाऊजी म्हणाले.

"ती वाजवण्याबद्दल विचारतेय," मी म्हटले.

भाऊजींनी कान खाजवला. "ते ऐकायचं राहिलं."

लेकीने गिटारची पेटी त्यांच्या हातात दिली. "पुढच्या शनिवारी पुन्हा आहे. मागच्या रांगेत बसा बाबा, तिथून सांधा दिसत नाही."